सगळे पॅनेल पॉझिटिव्ह: डीटीटीने बदललेल्या लाल पेशी आणि खाली दडलेला अँटी-ई

मागणीपत्रावर एवढेच होते: स्त्री, वय ६२, मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग), हिमोग्लोबिन ६.४, लाल पेशींच्या दोन पिशव्या, आजच. चालू औषधांचा रकाना कोरा. तीन बाळंतपणे झालेली, पूर्वी कधीतरी रक्त चढवलेले, पण गेल्या तीन महिन्यांत नाही. (हे एकाच रुग्णाचे टिपण नव्हे. रक्तकेंद्रात अशी मागणी ज्या क्रमाने उलगडत जाते, तो क्रम इथे एका प्रकरणात बांधला आहे.)

रक्तगट ओ, आरएच-डी पॉझिटिव्ह. फॉरवर्ड (पेशींवरून) आणि रिव्हर्स (प्लाझ्मावरून) दोन्ही जुळले. अडचण पुढे आली. जेल कार्डवर तीन पेशींचे अँटिबॉडी स्क्रीनिंग (प्रतिजन, म्हणजे पेशीवरच्या खुणा, ठाऊक असलेल्या रिएजंट पेशींवर रुग्णाचा प्लाझ्मा) लावले तर तिन्ही पॉझिटिव्ह (तीव्रता १+ ते ४+ अशी मोजतात): पहिली १+, दुसरी २+, तिसरी १+. अकरा पेशींचे पॅनेल लावले, तेही सगळे १+ ते २+. ऑटो कंट्रोल (रुग्णाचा प्लाझ्मा, रुग्णाच्याच पेशी) मात्र निगेटिव्ह आणि डायरेक्ट कूम्ब्सही (रुग्णाच्या पेशींवर आधीच चिकटलेला प्रतिपिंड शोधणारी चाचणी) निगेटिव्ह.

इथे अनुभवी तंत्रज्ञाच्या मनात दोन शंका येतात. ओ गट आणि सगळ्या ओ पेशींशी प्रतिक्रिया, म्हणजे बॉम्बे गट (पेशींवर एच प्रतिजनच नसलेला) तर नाही? १९५२ साली भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट नोंदवला, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाही. पण बॉम्बे रक्तातला अँटी-एच खोलीच्या तापमानालाही ओ पेशींना दणकून गोळा करतो. इथे इमीजिएट स्पिन (खोलीच्या तापमानाला लगेच फिरवून पाहणे) कोरडा होता, रुग्णाच्या पेशींना अँटी-एच लेक्टिनने ४+ आले, म्हणजे एच आहे. बॉम्बे बाद.

दुसरी शंका अधिक अवघड. पॅनेल सगळे पॉझिटिव्ह आणि स्वतःच्या पेशी निगेटिव्ह, हे जवळजवळ सर्वांच्या पेशींवर असलेल्या एखाद्या प्रतिजनाविरुद्धच्या अँटिबॉडीचे पुस्तकी चित्र आहे. आपल्या भागात अशा वेळी अँटी-आयएन-बी आठवायलाच हवा. 'इंडियन' या रक्तगट प्रणालीचा पहिला प्रतिजन, आयएन-ए, १९७३ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाला. तो थोड्याच भारतीयांत सापडतो. त्याचा जोडीदार आयएन-बी मात्र बहुतेकांच्या पेशींवर असतो, आणि तो ज्यांच्याकडे नाही त्यांना रक्त मिळवून देताना घाम फुटतो.

वॉर्डला फोन केल्यावर कोडे निम्मे सुटले. तीन आठवड्यांपासून डॅराटुमुमॅब चालू होते.

औषध पॅनेलला का लागते

डॅराटुमुमॅब हा सीडी३८ या प्रथिनाविरुद्धचा मानवी आयजीजी प्रतिपिंड. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. शिरेतून देताना मात्रा १६ मिग्रॅ प्रति किलो: पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग २४ व्या आठवड्यापर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. मायलोमाच्या प्लाझ्मा पेशींवर सीडी३८ दाट असते; लाल पेशींवर ते असते, पण तुरळक. म्हणूनच प्रतिक्रिया सगळीकडे आणि तरी कमजोर. रुग्णाच्या प्लाझ्मात फिरणारे औषध रिएजंट पेशींना चिकटते आणि कूम्ब्स चाचणीतला अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन (मानवी प्रतिपिंडाला धरणारा रिएजंट) त्याला इमानेइतबारे पकडतो. चाचणी आपले काम चोख करते. तिला रोगजन्य प्रतिपिंड आणि औषध यांतला फरक कळायचे कारण नाही.

ऑटो कंट्रोल निगेटिव्ह का? उपचार सुरू झाल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या लाल पेशींवरचे सीडी३८ नाहीसे होते. पेशी टिकतात, खूण जाते. काही रुग्णांत डायरेक्ट कूम्ब्स हलका पॉझिटिव्ह राहतो, पण बऱ्याच जणांत नाही. म्हणून ऑटो कंट्रोलवर विसंबून 'हे औषधाचे नाही' असे ठरवू नये.

अ‍ॅडसॉर्प्शनचा मोह इथे होतो. पॅनरिअ‍ॅक्टिव्ह (सगळ्या पेशींना लागणारा) प्लाझ्मा दिसला की झॅपने तयार केलेल्या पेशींवर तो शोषून घ्यायचा, ही सवय हाताला लागलेली असते. झॅप म्हणजे पपेन (प्रथिने कापणारे एन्झाइम) आणि डीटीटी (प्रथिनांतले डायसल्फाइड पूल तोडणारे रसायन) यांचे मिश्रण. त्यातले डीटीटी सीडी३८ आधीच मोडून टाकते, मग त्या पेशी औषध शोषणार कशावर? दोन-तीन तास जातात आणि प्लाझ्मा होता तसाच राहतो.

डीटीटी नेमके काय करते

डायथायोथ्राइटॉल (डीटीटी) १९६४ साली क्लीलँड यांनी जैवरसायनात आणले. त्याच्या रेणूच्या दोन टोकांना गंधकाचे दोन सल्फहायड्रिल गट आहेत. प्रथिनातला डायसल्फाइड पूल ते तोडते आणि स्वतः सहा अणूंच्या कड्यात मिटून बसते. ते कडे स्थिर असल्यामुळे उलटी प्रतिक्रिया जवळपास होत नाही.

सीडी३८ चा पेशीबाहेरचा भाग सहा डायसल्फाइड पुलांवर उभा आहे. पूल तुटले की घडी उसवते आणि औषधाला धरायला जागा उरत नाही. केल या रक्तगट प्रणालीच्या प्रथिनाचेही तसेच. त्याचा बाहेरचा भाग अशाच पुलांनी बांधलेला आहे, म्हणून के, सेलानो आणि त्या कुटुंबातले इतर प्रतिजन पुसले जातात. लुथरन, डॉम्ब्रॉक, कार्टराइट, क्रोमर, एलडब्ल्यू, नॉप्स, जेएमएच आणि इंडियन या प्रणालींचे प्रतिजनही जातात किंवा फिके पडतात.

आरएच, किड आणि एमएनएस मात्र जागेवर राहतात. एमएनएसच्या ग्लायकोफोरिन-ए मध्ये सिस्टीनच (पूल बांधणारे अमिनो आम्ल) नाही, तर तोडायचे काय? डफी प्रथिनात डायसल्फाइड पूल आहे, तरी एफवाय-ए आणि एफवाय-बी ठरवणारी जागा त्याच्या बाहेरच्या मोकळ्या टोकाकडे असल्यामुळे ती वाचते. एबीएच तर साखरेच्या साखळ्या. पपेनचे नेमके उलटे: ते डफी आणि एम-एन कापून टाकते आणि केलला हात लावत नाही. एकाच पेशीवर दोन रसायनांनी दोन वेगळे नकाशे तयार होतात.

पहिला प्रयत्न, आणि तो का फेकला

पद्धत छोटी आहे. धुतलेल्या घट्ट पेशींचा एक भाग, त्यात पीएच ८.० च्या फॉस्फेट बफर सलाईनमधले ०.२ मोलर डीटीटी चार भाग. ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ३० ते ४५ मिनिटे, मधूनमधून ट्यूब उलटीसुलटी करत. मग चार वेळा धुणे.

पहिल्या फेरीत तीन स्क्रीनिंग पेशींबरोबर एक के-पॉझिटिव्ह पेशी कंट्रोल म्हणून घेतली. उपचारानंतर अँटी-के शी ती निगेटिव्ह यायला हवी. ती ३+ वरून २+ वर आली, एवढेच. स्क्रीनिंगच्या पेशीही पॉझिटिव्हच राहिल्या.

कंट्रोल नसता तर वाचन असे झाले असते: डीटीटी देऊनही पॅनेल पॉझिटिव्ह, म्हणजे औषधाखाली डीटीटीला न जुमानणारी आणखी एक पॅनरिअ‍ॅक्टिव्ह अँटिबॉडी आहे. मग नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो, रक्त अडते, ६.४ चे हिमोग्लोबिन आणखी खाली उतरते. कंट्रोलने सांगितले ते वेगळेच: पेशी बदललेल्याच नाहीत, त्यामुळे या फेरीतून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

दोष बाटलीत होता. द्रावण काही आठवड्यांपूर्वी केलेले, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, अर्ध्या रिकाम्या बाटलीत, रोज उघडझाप. डीटीटीला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, आणि ज्या अल्कधर्मी द्रावणात ते जोमाने काम करते त्यातच लवकर मरते. २० अंश तापमानाला त्याचे अर्धायुष्य पीएच ६.५ ला सुमारे ४० तास, ७.५ ला १० तास आणि ८.५ ला जेमतेम दीड तास. फ्रिजच्या थंडीने हा वेग मंदावतो, पण आठवडे निभावत नाहीत. पाण्यात तांब्यासारख्या धातूचे आयन असतील तर आणखी लवकर. ऑक्सिडाइझ झालेले डीटीटी दिसायला पूर्वीइतकेच स्वच्छ असते, म्हणून बाटलीकडे पाहून काही उमगत नाही.

दुसरी नेहमीची चूक बफरची. पेशी धुण्याचा पीएच ७.३ चा बफर हाताशी असतो, त्यातच पावडर विरघळवली जाते. डीटीटीच्या पहिल्या सल्फहायड्रिलचा पीके (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात) साधारण ९.२ आहे, आणि काम करतो तो प्रोटॉन सोडलेला गट. हिशेब केला तर पीएच ७.३ ला असा गट सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, ८.० ला सहा टक्क्यांच्या जरा खाली. म्हणजे जवळपास पाचपट फरक. ०.७ चा आकडा लहान दिसतो म्हणून सोडून देऊ नये.

तिसरी चूक लेबलची. रक्तकेंद्रात डीटीटीच्या दोन ताकदी असतात: प्लाझ्मातला आयजीएम मोडायला ०.०१ मोलर, पेशींसाठी ०.२ मोलर. वीसपट अंतर आहे आणि दोन्ही कुप्या रंगहीन. झाकणांचे रंग वेगळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काही प्रयोगशाळांनी मुद्दाम ०.०१ मोलर पेशींवर वापरून सीडी३८ घालवण्याचा आणि केल राखण्याचा मार्ग तपासला आहे. ती वेगळी पद्धत असून तिची वेगळी पडताळणी करावी लागते. चुकून सौम्य द्रावण पडणे म्हणजे ती पद्धत नव्हे.

दुसरी फेरी

नवे द्रावण: डीटीटी पावडर ०.३१ ग्रॅम, पीएच ८.० चा बफर १० मिली. (रेणूभार १५४.२५; एक ग्रॅमला ३२ मिली हेच प्रमाण.) पीएच मीटरने बफर आधी तपासायचा, पावडर नंतर घालायची. सडक्या अंड्याच्या जातीचा वास येतो. हातमोजे आणि फ्यूमहूड हवेत. लगेच अर्ध्या मिलीच्या कुप्या भरून उणे २० अंशांत. एक कुपी, एक वापर. उरलेले परत गोठवायचे नाही.

रिएजंट पेशींचे गणित आधी करावे लागते, कारण त्या फार थोड्या असतात. जेलसाठीच्या ०.८ टक्के पेशींची एक मिली सेंट्रिफ्यूज केली तर हातात जेमतेम ८ मायक्रोलिटर घट्ट पेशी येतात, आणि धुताना त्यातल्याही जातात. म्हणून ट्यूबसाठीचे ३ टक्के सस्पेन्शन घ्यावे: एक मिलीतून ३० मायक्रोलिटर. त्यावर १२० मायक्रोलिटर डीटीटी. मिश्रणातली खरी ताकद मग ०.१६ मोलर होते. 'दोन दशांश' ही द्रावणाची ताकद आहे, ट्यूबमधली नव्हे.

के-पॉझिटिव्ह पेशी आपल्याकडे सहज मिळत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत के सुमारे ९ टक्क्यांत असतो, भारतीय दात्यांत त्याहून बराच कमी. विकतच्या पॅनेलमध्ये एखाद-दुसरी पेशी असते आणि ती पटकन संपते. अशा वेळी अँटी-सेलानो हाताशी ठेवावा. सेलानो जवळपास प्रत्येकाच्या पेशीवर असतो, तोही केल प्रथिनावरच आहे आणि डीटीटीने तसाच जातो, त्यामुळे कुठल्याही दात्याची पेशी कंट्रोल म्हणून चालते. के मिळत नाही म्हणून कंट्रोलच न लावणे याला सबब नाही.

दुसरा कंट्रोल उलट बाजूचा: ई-पॉझिटिव्ह पेशी (ई हा आरएचचा प्रतिजन, इथे सर्वत्र मोठा ई) आणि अँटी-ई. ही प्रतिक्रिया उपचारानंतरही टिकायला हवी. ती गेली तर पेशी फार मोडल्या किंवा ट्यूबमध्ये डीटीटी मागे राहिले.

धुण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण इथली चूक सर्वांत छुपी. डीटीटी मागे राहिले तर ते पुढे घातलेल्या प्लाझ्मातल्या प्रतिपिंडांचे आणि अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिनचेही पूल तोडू लागते. निकाल निगेटिव्ह येतो आणि आपण खूश होतो. चार मिली बफर घालून दर वेळी ०.१ मिली मागे ठेवले तर चाळीसपट पातळ होते: ०.१६ मोलरचे पहिल्या धुण्यानंतर ४ मिलिमोलर, दुसऱ्यानंतर ०.१, तिसऱ्यानंतर २.५ मायक्रोमोलर. चौथे धुणे म्हणजे हात थरथरला तरी निभावण्याची सोय. ट्यूब पद्धतीत निगेटिव्ह निकालावर कूम्ब्स कंट्रोल सेल (आयजीजी चिकटवलेली पेशी) टाकतो, तेव्हा ग्लोब्युलिन मेले असेल तर उघडे पडते. जेल कार्डमध्ये ती पायरीच नाही. म्हणून जेलवर काम करणाऱ्यांनी ई-अँटी-ई कंट्रोल कधीही गाळू नये.

पहिल्या धुण्यात पाणी फिकट गुलाबी दिसले. एवढे हिमोलिसिस चालते. लालभडक दिसले तर पेशी जुन्या होत्या, वेळ ४५ मिनिटांच्या पुढे गेला किंवा पीएच ८ च्या बराच वर होता. फुटलेल्या पेशींचे अवशेष जेलमध्ये वर अडकतात आणि खोटी १+ वाटणारी रेघ उमटवतात. उपचार केलेल्या पेशी त्याच दिवशी वापराव्यात.

आणखी एक गोष्ट. पेशीला कॉम्प्लिमेंटपासून (पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपासून) वाचवणारी सीडी५५ आणि सीडी५९ ही प्रथिनेही डायसल्फाइड पुलांवरच उभी आहेत. १९६० च्या दशकात डीटीटीच्याच कुळातल्या एईटी या रसायनाने निरोगी लाल पेशींना पीएनएच रोगातल्या पेशींसारखे बनवले गेले, म्हणजे आम्ल केलेल्या ताज्या सीरममध्ये फुटणाऱ्या. म्हणून नमुना ईडीटीएचा प्लाझ्मा असावा, ताजे सीरम नको. ईडीटीए कॅल्शियम बांधून कॉम्प्लिमेंट गप्प करते.

निकाल

के कंट्रोल: ३+ वरून शून्य. ई कंट्रोल: ३+ आधी, ३+ नंतर. फेरी वैध.

स्क्रीनिंग: पहिली पेशी (आर१आर१, म्हणजे डी आणि मोठा सी) निगेटिव्ह, तिसरी (आरआर, डी नाही) निगेटिव्ह. दुसरी (आर२आर२) २+, जराही हलली नाही. सुरुवातीच्या कार्डवर हीच पेशी इतरांहून एक पायरी वर होती. तेव्हा ती खूण सहज नजरेआड झाली असती. दुसऱ्या पेशीवर ई आहे आणि छोटा सी आहे. तिसऱ्यावरही छोटा सी आहे, पण ती निगेटिव्ह, म्हणून अँटी-छोटा सी नाही. पॅनेलमधल्या तीन ई-पॉझिटिव्ह आणि तीन ई-निगेटिव्ह पेशी डीटीटी देऊन लावल्या: पहिल्या तिन्ही पॉझिटिव्ह, दुसऱ्या तिन्ही निगेटिव्ह. अँटी-ई. तीन बाळंतपणे आणि जुने रक्त, यांतून कुठून तरी आलेला.

रुग्णाच्या पेशी थेट गोळा होणाऱ्या मोनोक्लोनल आयजीएम रिएजंटने तपासल्या. त्यात कूम्ब्सची पायरी नसल्याने औषध आड येत नाही. डी पॉझिटिव्ह, मोठा सी पॉझिटिव्ह, छोटा सी निगेटिव्ह, ई निगेटिव्ह, के निगेटिव्ह. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेले असते तर हा फिनोटाइप (पेशींवर दिसणारे प्रतिजन) भरवशाचा नसता आणि जीनोटाइप (जनुकांवरून तपासणी) करावा लागला असता.

पिशवी निवडताना

डीटीटी दिलेल्या पेशी निगेटिव्ह आल्या, याचा अर्थ रुग्णात दुसरी अँटिबॉडी नाही असा होत नाही. केल कुटुंब पुसले गेले आहे, म्हणून अँटी-के आहे की नाही हे या चाचणीला दिसूच शकत नाही. आणि अँटी-के सौम्य नाही. त्याने गंभीर हिमोलिसिस होते. म्हणून रुग्ण के-निगेटिव्ह असेल तर पिशवीही के-निगेटिव्ह. आपल्याकडे बहुतेक दाते तसे असतातच, पण 'असतातच' असे लिहून चालत नाही, दर पिशवी तपासायची.

सुरुवातीला आठवलेला अँटी-आयएन-बीसुद्धा याच अंधारात आहे. तोही डीटीटीने जातो. समजा वॉर्डने औषधाबद्दल काहीच सांगितले नसते आणि रुग्णाला खरोखर अँटी-आयएन-बी असता, तर पॅनेल पॉझिटिव्ह, ऑटो निगेटिव्ह, डीटीटीनंतर पॅनेल निगेटिव्ह, हेच चित्र आले असते. डीटीटीने प्रतिक्रिया गेली म्हणजे औषध सिद्ध झाले, असे म्हणणारा इथे फसतो. औषध सिद्ध होते ते वॉर्डच्या नोंदीने आणि उपचारापूर्वीच्या, सगळ्या पेशींना न लागलेल्या स्क्रीनिंगने. या रुग्णाची तशी नोंद दुसऱ्या केंद्रात सापडली: दोन महिन्यांपूर्वी पॅनेलवर फक्त ई-पॉझिटिव्ह पेशी लागल्या होत्या, बाकी स्वच्छ. त्यामुळे अँटी-के आणि अँटी-आयएन-बी दोन्ही त्या तारखेपर्यंत तरी नव्हते. मधल्या काळात रक्त दिलेले नव्हते, म्हणून नवे तयार होण्याचे कारणही नव्हते. तशी नोंद नसती तर गर्भनाळेच्या रक्तातल्या पेशींवर पडताळा घेता आला असता; त्यांच्यावर सीडी३८ फार कमी असते आणि केल शाबूत असतो.

दाते निवडताना आर१आर१ शोधले. भारतीयांत ते भरपूर, आणि एकाच निवडीत ई-निगेटिव्ह आणि छोटा सी-निगेटिव्ह दोन्ही साधते. अँटी-ई बनवणारा आर१आर१ रुग्ण पुढे अँटी-छोटा सी बनवण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे ही काळजी महाग पडत नाही. चार पिशव्या तपासून दोन निवडल्या, दोन्ही के-निगेटिव्ह.

क्रॉसमॅच कूम्ब्सपर्यंत न्यायचा तर दात्याच्या पेशीही औषधाला लागणारच. पिशवीच्या नळीच्या तुकड्यातून १०० मायक्रोलिटर पेशी, धुऊन ४०० मायक्रोलिटर डीटीटी, बाकी सगळे वरच्यासारखे. पेशी भरपूर असल्याने रिएजंट पेशींपेक्षा हे सोपे. दोन्ही कंट्रोल त्याच फेरीत. दोन्ही पिशव्या जुळल्या. शिवाय डीटीटी न दिलेल्या पेशींवर इमीजिएट स्पिन लावला, कारण एबीओची चूक पकडणारी ती पायरी औषधाने बिघडत नाही.

रुग्ण धोक्यात असता तर हे दोन तास थांबणे बरोबर ठरले नसते. एबीओ आणि आरएच जुळणारे रक्त क्रॉसमॅचशिवाय द्यायचे, डॉक्टरांची लेखी संमती घ्यायची आणि डीटीटी मागून चालू ठेवायचे. सीडी३८ वरचे औषध चढवलेल्या पेशींचे मोठे हिमोलिसिस घडवताना दिसत नाही; धोका असतो तो खालच्या अँटी-ई चा.

अहवालात लिहिले: 'अँटी-ई आढळला. सीडी३८-विरोधी औषधाचा हस्तक्षेप. डीटीटी पद्धतीत केल व इतर डीटीटी-संवेदनशील प्रणालींच्या अँटिबॉडी नाकारता येत नाहीत. ई-निगेटिव्ह, छोटा सी-निगेटिव्ह, के-निगेटिव्ह लाल पेशी द्याव्यात.' हेच रुग्णाच्या कार्डावर, औषधाच्या नावासह. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत स्क्रीनिंग असेच येऊ शकते, तेव्हा कार्डावर शेवटच्या डोसच्या तारखेसाठी जागा कोरी ठेवली. आयसाटुक्सिमॅबही सीडी३८ वरचेच आहे, त्यालाही हेच लागू. सीडी४७ विरुद्धच्या औषधांना मात्र डीटीटी लागू पडत नाही. तिथे पेशी तासभर भिजवल्या तरी पॅनेल तसेच पॉझिटिव्ह राहते.